वासराच्या वाटणीचे दूध

आज वसुबारस. तिन्हीसांजेला सवत्स धेनूची पूजा होईल, गाईच्या तोंडाशी उडदाचे वडे धरले जातील. व्रत करणाऱ्या बायका दूध-दही-तूप वर्ज्य करून बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खातील. आजच्यापुरते दूध वासराचे, असा या व्रताचा सरळ अर्थ लागतो. मग धनत्रयोदशीला पेढ्यांचे खोके घरोघरी फिरू लागतात आणि वासराचा विषय पुढच्या आश्विनापर्यंत मिटतो.

तो मिटू नये म्हणणाऱ्यांचा दिवसही याच सुमारास येतो. १ नोव्हेंबर हा जागतिक व्हीगन दिन, म्हणजे दुधासकट प्राण्यांपासून मिळणारे काहीच न खाणाऱ्यांचा दिवस. १९४४ च्या नोव्हेंबरात, महायुद्ध चालू असताना, डोनाल्ड वॉटसन या सुतारकाम शिकवणाऱ्या इंग्रज शिक्षकाने मूठभर सोबत्यांसह व्हीगन सोसायटी काढली. लहानपणी काकाच्या शेतावर डुकराची कत्तल पाहिल्यावर त्याचे मांसावरून मन उडाले होते. युद्धात बंदूक धरायलाही त्याने नकार दिला. त्या काळी रेशनचे मांस नाकारणाऱ्या शाकाहाऱ्यांना जादा चीज मिळे. वॉटसनला तेही नको होते. त्याचा वाद झाला तो मुख्यतः शाकाहारी मित्रांशीच.

आपल्याकडेही हा प्रश्न आधी शाकाहाऱ्यालाच बोचायला हवा. म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही, आणि रेडकू नर निघाले तर शहरालगतच्या तबेल्याला ते पोसणे परवडत नाही. ते फार दिवस जगत नाही. मग आईला पान्हा फुटावा म्हणून मेलेल्या रेडकाचे कातडे पेंढा भरून तिच्यापुढे ठेवायचे, ही जुनीच युक्ती. आता काही गोठ्यांत चोरून इंजेक्शन टोचतात. गाईच्या गोऱ्ह्याचे तरी काय? शेतात ट्रॅक्टर आला, आणि २०१५ पासून महाराष्ट्रात बैल-वळूंच्याही कत्तलीवर बंदी आहे. गोऱ्हा कत्तलीसाठी विकता येत नाही, पोसणे जमत नाही, म्हणून रात्री दूर नेऊन सोडला जातो. आता तर कालवडीच जन्माव्यात म्हणून खास वीर्यमात्रा सरकारी योजनेतून मिळतात. पूजेपुरते जोडीला वासरू हवे, हिशेबात ते नको.

हा विचार ‘शुद्ध शाकाहारी’ अशी पाटी लावून मासे खाणाऱ्याला घर नाकारणाऱ्या सोसायट्यांच्या हाती मात्र लागू नये. त्यांच्या नियमात प्राण्याविषयी आदर कुठेच नसतो, जातीचा दर्प तेवढा असतो. व्हीगन माणूस अट घालतो ती स्वतःला. आपल्या पोटात जे जाते त्यातल्या बहुतेकाला आपण विचार करून कधी होकार दिलेला नसतो. घरच्या वळणाने आणि जाहिरातीने तो परस्पर देऊन टाकलेला असतो. तो मागे घेता येतो हे ज्या दिवशी उमगते, त्या दिवशी माणूस थोडा मोकळा होतो. हे मोकळेपण दुसऱ्यावर लादले की संपले.

हे मोकळेपण किती महाग पडते हे गांधीजींइतके प्रांजळपणे कुणी लिहिलेले नाही. दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर, १९१२ मध्ये, त्यांनी दूध सोडले. कोलकात्यात गाई-म्हशींचे दूध ओढून काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘फुक्या’च्या क्रूर रीतीची माहिती त्यामागे होती. पुढे १९१८ मध्ये ते जीवघेणे आजारी पडले. माथेरानला हवापालट झाला, तिथले पाणी मानवले नाही. मुंबईत डॉ. दलालांनी बजावले, दुधाशिवाय अंगात ताकद येणार नाही. कस्तुरबा उशाशी उभ्या होत्या. व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती ना, मग शेळीचे दूध का नको, असे त्यांनी सुचवले. गांधीजींनी ते घेतले, आणि व्रताचा शब्द पाळला पण आत्मा गमावला, अशी कबुली आत्मकथेत दिली. सत्याग्रहासाठी जगायचे होते, हे कारण त्यांनी सांगितले. पण त्याची ढाल केली नाही. आजच्या व्हीगनांनी वॉटसनपेक्षाही हे प्रकरण वाचावे, असे आम्हाला वाटते.

दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या हप्त्यावर जिचा किराणा आणि मुलांची फी चालते, त्या बाईला मात्र मॉलमधले बदामाचे दूध हातात धरून कुणी करुणा शिकवू नये. तिच्या गोठ्यातल्या गाई सोडवायच्या तर आधी त्या हप्त्याला पर्याय उभा करावा लागेल. तो कुणाकडेही तयार नाही. व्हीगन चळवळीने त्यावर डोके लढवले तर तिचे बोलणे गावात ऐकले जाईल.

शहरातल्या, पगारदार, पोटभर खाणाऱ्या घरांना ही सबब नाही. पिठले-भाकरी, ठेचा, भरले वांगे, नारळाच्या दुधातली सोलकढी, तेलात तळलेली चकली, खोबऱ्याची करंजी यांत दुधाचा थेंब लागत नाही. खरी अडचण सकाळच्या चहाची आहे. तिथे आमच्यासकट भल्याभल्यांचा निश्चय ढळतो, आणि सोयाचे दूध त्यात फुटते, ही तक्रारही खोटी नाही. कोरा चहा मात्र कोकणात कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या प्यायला जातो आहे.