अकीकाच्या आधी एक तपासणी

लोणावळा, कामशेत, वडगाव या पट्ट्यातल्या आपल्या बऱ्याच घरांत बाळंतिणीला आणि बाळाला ४० दिवस उंबरठ्याबाहेर काढत नाहीत. मावळचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना कारण सांगायला नको. या रिवाजाशी आमचे भांडण नाही. बाळंतिणीला विश्रांती हवीच. पण एका तपासणीची मुदत याच ४० दिवसांत संपते आणि पुन्हा मिळत नाही.

ती सायटोमेगॅलो व्हायरसची, म्हणजे डॉक्टर ज्याला सीएमव्ही म्हणतात त्याची. मोठ्या माणसाला तो होऊन गेलेला बहुधा कळतही नाही. गरोदरपणात तो पोटातल्या बाळापर्यंत पोचला, तर काही बाळे कावीळ, अंगावर बारीक जांभळे ठिपके, लहान डोके घेऊन जन्मतात. बहुतेक मात्र अगदी निरोगी दिसतात, आणि त्यांतल्या काहींची श्रवणशक्ती जन्मतः किंवा पुढच्या काही वर्षांत जाते. कानात अजान दिली, बाळ शांत झाले, म्हणजे त्याला ऐकू आले असे नव्हे.

बाळाच्या गालाच्या आतून काडीने लाळ घेतात किंवा पिशवी लावून लघवी घेतात आणि पीसीआरने विषाणू शोधतात. हा शब्द कोविडने सगळ्यांना पाठ करून दिला आहे. लाळ दूध पाजल्यावर तासाभराने घ्यावी, कारण आईच्या दुधातही हा विषाणू असू शकतो. लाळेत सापडला तर लघवीतून खात्री करतात. हे सारे २१ दिवसांच्या आत. नंतर सापडलेला विषाणू पोटातून आला की जन्मानंतर लागला, हे सांगता येत नाही. अकीका सातव्या दिवशी, नाही जमला तर चौदाव्या, नाहीतर एकविसाव्या, हा हिशेब आपल्या घरांत पाठ असतो. तोच इथे लावावा. लक्षणे असलेल्या बाळाला औषध आहे. ते पहिल्या महिन्यात सुरू करून सहा महिन्यांपर्यंत, मधूनमधून रक्त तपासत देतात.

दवाखान्यातून निघण्यापूर्वी बाळाच्या कानांची तपासणी मागून घ्या. त्यात बाळ दुसऱ्यांदाही पास झाले नाही, तर सीएमव्हीचे विचारा.

आता 'टॉर्च'च्या कागदाबद्दल. गर्भपात झाला की ही रक्ततपासणी होते, 'आयजीजी पॉझिटिव्ह' येते आणि सुनेला बोल लागतात. आपल्या देशात बहुतेक बायकांचे सीएमव्हीचे आयजीजी पॉझिटिव्हच असते. कधीतरी होऊन गेले, एवढाच त्याचा अर्थ. सासूबाईंनी स्वतःचे तपासले तर बहुधा तेच निघेल. नवजात बाळाच्या रक्तातले आयजीजीही आईकडूनच आलेले असते, म्हणून त्यावरून निदान होत नाही.

झिकाची गोष्ट वेगळी. २०२१ मध्ये राज्यातला पहिला रुग्ण पुरंदरच्या बेलसरला सापडला, आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात सापडलेल्यांत गरोदर स्त्रिया बऱ्याच होत्या. तो डासांनी पसरतो. गरोदरपणी ताप आणि अंगावर पुरळ आले, तर तेव्हाच डॉक्टरांना सांगावे. बाळ जन्मेपर्यंत थांबू नये.

सीएमव्हीसाठी बाळाला पुण्याला न्यावेच लागते असे नाही. लोणावळ्यात किंवा तळेगावात बालरोगतज्ज्ञ नमुना घेऊन पाठवतील का, हे प्रसूतीच्या आधीच विचारून ठेवा. लोकलने नमुना जाईल, बाळंतीण घरीच राहील.