दोन ते पाच

उन्हाळ्यात दुपारी दोन ते पाच या वेळेत वऱ्हाडात कोणी कोणाच्या घरी जात नाही. दारं लोटलेली असतात, कुलरची घरघर चालू असते आणि दुकानदारसुद्धा अर्धं शटर ओढून गल्ल्यामागे पाय पसरतो. नेमक्या याच वेळेत मेडिकलची प्रवेश परीक्षा, ‘नीट’, होते. 2024 साली 5 मे, 2025 साली 4 मे. दोन्ही रविवार आणि दोन्ही वेळा दुपारी दोनला सुरुवात. साऱ्या देशाला एकच वेळ हवी हे मान्य, पण ती ठरवणाऱ्यांनी मे महिन्यातला अकोला पाहिलेला नसावा.

माझी भाची दर्यापूरकडच्या खेड्यातली. बारावीनंतर एमबीबीएस थोडक्यात हुकलं, म्हणून आता अकोल्यात रिपीटर बॅचला आहे. जठारपेठेकडे तिघी मिळून एक खोली, कोपऱ्यावर मेस, दोन गल्ल्या सोडून अभ्यासिका. या अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरले की एक खुर्ची, एक दिवा आणि मोबाइल चार्ज करायला एक पॉइंट मिळतो. सकाळी क्लास, संध्याकाळी डाउट विचारायची रांग, रात्री बॅकलॉग. मधली दुपार मात्र झोपेशी झगडण्याची. सरांनी सांगितलंय, शरीराला दोन ते पाचची सवय लावा. म्हणून ती मेसमध्ये बाराच्या ठोक्याला जेवते आणि भाताला हात लावत नाही. “भात खाल्ला की केमिस्ट्रीतच डोया लागते ना मावशी,” म्हणते. वऱ्हाडातल्या पोरीनं दुपारची झोप सोडायची, हाही अभ्यासक्रमाचाच भाग झाला.

या तीन तासांचा हिशेब कडक आहे. प्रश्न 180, मिनिटं 180, गुण 720. बरोबर उत्तराला चार, चुकलं की एक वजा. मधली काही वर्षं पेपर पाच वीसपर्यंत चालायचा. 2025 पासून ती जादा वीस मिनिटं गेली. एका प्रश्नाला एक मिनिट, आणि त्यातच गोल रंगवायचा. जीवशास्त्राचे नव्वद प्रश्न झटपट सोडवून भौतिकशास्त्रासाठी वेळ वाचवायचा, ही सगळ्यांची युक्ती. त्यामुळे एनसीईआरटीचं बायोलॉजीचं पुस्तक पोरं ओळ न् ओळ, चित्राखालच्या मजकुरासकट पाठ करतात. येत असलेलं उत्तर घाईत चुकलं तर त्याला ‘सिली’ म्हणतात. भाचीची सिलींची वेगळी वही आहे. कोणत्या दिवशी, कोणत्या विषयात, काय वाचायचं राहिलं, सगळं त्यात. घरखर्चाची वहीही इतकी नेटकी कोणी ठेवत नाही.

मे 2024 मध्ये अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनानं 144 कलम लावलं आणि खासगी शिकवण्यांच्या वेळांवरही बंधन घातलं. दुपारच्या उन्हात पोरांनी वर्गात बसू नये, हा विचार योग्यच होता. त्याच महिन्याच्या सुरुवातीला मोठी परीक्षा मात्र भर दुपारी होऊन गेली होती. दीड वाजता केंद्राचं फाटक बंद होतं, म्हणून लोक अकरापासूनच येऊन थांबतात. पोरं आत जातात आणि आईबाप बाहेर कडुनिंबाखाली. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, पिशवीत पन्ह्याची बाटली. पाचपर्यंत तेही परीक्षेलाच बसलेले असतात.

एवढं सगळं कशासाठी, असं विचारलं तर उत्तर साधं आहे. सरकारी कॉलेजची फी शेतकऱ्याच्या आवाक्यातली असते. आमच्या भागात एकेकाळी मेडिकल म्हणजे नागपूर. 1984 साली अमरावतीत पंजाबराव देशमुखांच्या नावाचं कॉलेज निघालं, 2002 मध्ये अकोल्याला सरकारी आलं आणि 2024 मध्ये अमरावती, वाशिम, बुलडाणा अशी तीन सरकारी कॉलेजं प्रत्येकी शंभर जागांनी सुरू झाली. दुसरीकडे, विदर्भातल्या 70 टक्के जागा विदर्भातल्याच मुलांना देणारी पद्धत राज्य सरकारनं सप्टेंबर 2020 मध्ये रद्द केली. कॉलेज घराजवळ आलं, पण त्यासाठी आता दर्यापूरच्या पोरीची लातूरच्या, पुण्याच्या पोरांशी थेट गाठ आहे. देशभरात 2025 साली बावीस लाखांवर मुलं या पेपरला बसली. सरकारी कॉलेजची फी वाचवायची तर आधी खासगी क्लासची फी भरावी लागते. ती भरताना माझ्या मेहुण्यानं तूर विकली, पुढच्या हप्त्याला कापूस ठेवला आहे.

हा लेख तुम्ही रविवारी सकाळी चहासोबत वाचत असाल. अकोल्यातल्या जठारपेठेत आणि आमच्या अमरावतीच्या राठीनगर, गाडगेनगरात आज रविवार नाही. आज टेस्ट आहे, दोन ते पाच. संध्याकाळी मेस बंद, कारण मेसवाल्या काकूंना तरी सुट्टी हवी. पोरं गाडीवर पोहे किंवा वडापाव खातात. तेवढ्यात पालकांच्या ग्रुपवर गुणांची यादी पडते आणि पाठोपाठ घरचा फोन वाजतो. “किती पडले वं?” जेवणाच्या आधी हाच प्रश्न.

विचारणाऱ्याच्या पोटात काळजी असते, हे पोरांना कळतं. पण आकडा यादीत आलेला असतो, बापानं पाहिलेला असतो, पोरीला तर पेपर देतानाच कळलेला असतो. दोघांनाही ठाऊक असलेलं पुन्हा विचारून कोणाचे चार गुण वाढत नाहीत. आठवड्याचे सहा दिवस काय ते विचारा, पण रविवारची संध्याकाळ तेवढी सोडा. गाय व्याली का, विहिरीला पाणी किती उरलं, शेजारच्यांच्या लग्नात कोण भांडलं, हे सांगा. त्या खोलीत गावाची खबर देणारं दुसरं कोणी नसतं.

मागच्या रविवारी मी हेच केलं. काय खाल्लंस, खोलीवरच्या कुलरचं पाणी कोण भरतं, असं इकडचं तिकडचं बोलत राहिले. थोड्या वेळानं ती संशयानं म्हणाली, “मावशी, मार्क नको विचारू म्हणून कोणी सांगितलं काय तुले?” मी म्हटलं, नाही बाप्पा. मग तिनंच होऊन सांगितले. किती, ते इथं लिहीत नाही.