तांब्यावरील अक्षरें

डेव्हिड लॉगन या उत्कीर्णकाचें ‘ऑक्सोनिया इल्लुस्त्राता’ हें चित्रसंपुट १६७५ त प्रसिद्ध झालें. १६६९ पासून तो ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सेवेंत होता. त्यानें प्रत्येक विद्यालय जणूं घारीच्या दृष्टीनें पाहिलें आहे; चौक, उद्यानें, धुराडीं, सर्व वरून दिसतें. आमचें लक्ष मात्र चित्रांपेक्षां त्यांवरील लॅटिन अक्षरांवर खिळलें.

लॅटिन आम्ही गुरुमुखें शिकलों नाहीं. तथापि ज्यानें पाणिनीचा क्त-प्रत्यय घोकला आहे त्यास ही भाषा सर्वस्वी परकी वाटत नाहीं. ऑक्सोनिया हें नाम स्त्रीलिंगी, म्हणून ‘इल्लुस्त्राता’. विद्यालयवाचक ‘कोल्लेगिउम’ नपुंसक, म्हणून तें ‘फुंदातुम’, म्हणजे स्थापिलेलें. तुस्, ता, तुम् हीं रूपें आपल्या तः, ता, तम् यांचीं भावंडेंच होत. चित्राच्या तळाशीं ‘देलिन.’ आणि ‘स्कुल्प.’ अशीं तोडलेलीं पदें आढळतात. पहिल्याचा अर्थ रेखाटलें, दुसऱ्याचा कोरलें. लॉगन बहुधा दोन्ही कामें स्वतःच करी.

आपल्या ताम्रपटांच्या अखेरीसही लेखकाचें व कोरणाराचें नांव पुष्कळदां असतें. कोंकणांत सांपडलेले शिलाहारांचे ताम्रपट प्रसिद्धच आहेत. भेद इतकाच कीं आपला पत्रा स्वतःच वाचावयाचा. लॉगनचा पत्रा उलट्या अक्षरांचा. खांचांत शाई भरावयाची, पृष्ठभाग पुसावयाचा आणि ओलसर कागद दाबावयाचा, तेव्हां अक्षरें सुलटीं होत.

ऑक्सफर्डमध्यें आपली लिपिही आहे. मुंबईंत १८१९ त जन्मलेल्या मोनिअर विल्यम्स यांनीं स्थापिलेल्या ‘इंडियन इन्स्टिट्यूट’च्या इमारतींत एक संस्कृत पाटी आहे. कोनशिला बसली २ मे १८८३ रोजीं, आणि पाटीवर तिथि आहे वैशाख वद्य दशमी. आमच्या अमान्त पंचांगानें तो चैत्र वद्य पक्ष ठरतो, म्हणजे पाटीकारानें उत्तरेकडील पूर्णिमान्त मास धरिला. कोंकणांतील एखादा हुशार विद्यार्थी तेथें महिन्याची चूक काढावयास जाईल आणि स्वतःच फसेल! पुढें तेथील ग्रंथसंग्रह हलला, इमारत इतर कामास गेली. पाटी वाचणारे किती उरले असतील?

हा प्रश्न ऑक्सफर्डपुरताच नाहीं. आमच्या मंडणगड तालुक्यांतील आंबडवें हें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या घराण्याचें मूळ गांव. ते १९१३ त ज्या कोलंबिया विद्यापीठांत गेले त्याच्या मुद्रेवर लॅटिन वचन आहे, शिवाय हिब्रू व ग्रीक अक्षरेंही आहेत. त्या तिन्ही भाषांचें दार तेथें कोणासही जात विचारून उघडलें जात नसे. उलट स्वदेशीं शाळेंत असतां आंबेडकरांस संस्कृत शिकावयाचें होतें. तें नाकारलें गेलें व त्यांस फारसी घ्यावी लागली. ज्या घरांतून संस्कृत वडिलोपार्जित चालत आलें, तेथील मुलें आज गुणांचा हिशेब करून तें सोडतात आणि आम्ही वडील मंडळी हळहळतों. त्या हळहळींत हेंही आठवावें कीं ज्यास ती विद्या हवी होती त्यास आपल्याच समाजानें ती दिली नाहीं. आंबेडकरांनीं संस्कृत पुढें स्वतःच्या परिश्रमानें संपादन केलें.