जागा वाढवून देश मिळत नाही

६ मे २०२१ ला मी ग्लासगोमध्ये मतदान केलं. खिशात पासपोर्ट भारताचा, तरी सगळं कायदेशीर. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, त्यामुळे तिथे वैध व्हिसावर राहणाऱ्या भारतीयाला स्कॉटलंडच्या संसदेसाठी मत देता येतं. कोविडचे दिवस होते. तोंडाला मास्क आणि घरून आणलेली पेन्सिल. टेबलामागच्या बाईंनी दोन कागद हातात दिले, एक फिकट जांभळा आणि एक पीच रंगाचा. जांभळ्या कागदावर मी स्कॉटिश नॅशनल पार्टीसमोर, म्हणजे एसएनपीसमोर फुली मारली. पीच रंगाच्या कागदावर अल्बासमोर.

ही दुसरी फुली चूक होती. आज लिहितोय ते तिच्याबद्दल, कारण जे गणित ऐकून मी ती मारली, ते गणित अजूनही हुशार माणसांना भुरळ घालतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८ सप्टेंबर २०१४ ला स्कॉटलंडमध्ये स्वातंत्र्यावर सार्वमत झालं. ४४.७ टक्के लोक ‘हो’ म्हणाले, ५५.३ टक्के ‘नाही’. ‘हो’च्या बाजूचे सेनापती होते एसएनपीचे अ‍ॅलेक्स सॅमंड. हरल्यावर त्यांनी पद सोडलं आणि त्यांच्या सहकारी निकोला स्टर्जन फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथल्या मुख्यमंत्री झाल्या. पुढे सॅमंड यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाच्या तक्रारी आल्या. सरकारने केलेली चौकशी २०१९ मध्ये कोर्टात बेकायदेशीर ठरली, २०२० मध्ये फौजदारी खटल्यात ज्युरीने त्यांना दोषमुक्त केलं. तोवर गुरू-शिष्येचं नातं संपलं होतं. २६ मार्च २०२१ ला, मतदानाला जेमतेम सहा आठवडे उरले असताना, सॅमंड एका नव्या पक्षाचे नेते म्हणून समोर आले. पक्षाचं नाव अल्बा, म्हणजे गेलिक भाषेत स्कॉटलंड.

पक्षाकडे वेगळी धोरणंही होती, पण प्रचाराचा शब्द एकच, ‘सुपरमेजॉरिटी’.

त्यामागचं गणित असं. तिथल्या संसदेत १२९ जागा. ७३ मतदारसंघांतून, आपल्यासारख्याच, ज्याला जास्त मतं तो निवडून येतो. उरलेल्या ५६ जागा आठ विभागांत वाटलेल्या, प्रत्येकी सात. या सात जागांसाठी दुसरं मत असतं, ते पक्षाला द्यायचं. पण मोजताना पक्षाच्या मतांना त्याने त्या विभागात जिंकलेल्या मतदारसंघांच्या संख्येत एक मिळवून भागतात. म्हणजे मतदारसंघ भरपूर जिंकलात तर दुसऱ्या मतांची किंमत घसरते. २०१६ मध्ये एसएनपीला साडेनऊ लाखांहून जास्त दुसरी मतं मिळाली आणि त्यांतून जागा आल्या चार. ‘मग ती मतं आम्हाला द्या,’ असं अल्बाचं म्हणणं. ‘आम्ही मतदारसंघ लढवतच नाही, आमचा भागाकार एकने होईल. दोघांचे मिळून स्वातंत्र्यवादी सदस्य नव्वदच्या घरात जातील.’

मी इंजिनियर. मला हे पटलं नसतं तरच नवल. मी एक्सेल शीट करून मित्रांना पाठवली होती.

निकाल लागला. ग्लासगो विभागात एसएनपीने सगळे नऊ मतदारसंघ जिंकले. सव्वा लाखाहून जास्त दुसऱ्या मतांना दहाने भागलं गेलं आणि हातात आलं शून्य. म्हणजे गणिताचा पहिला भाग बरोबर होता. दुसऱ्या भागाचं काय झालं? अल्बाला सगळ्या स्कॉटलंडमध्ये १.७ टक्के मतं मिळाली आणि जागा एकही नाही. खुद्द सॅमंड पडले. एसएनपी ६४ वर थांबली, बहुमताला एक कमी. ग्रीन पक्षही स्वातंत्र्याच्या बाजूचा, त्याला आठ.

आता ग्लासगोच्या त्या सात जागा पुन्हा बघा. चार लेबरला, दोन काँझर्व्हेटिव्हना, एक ग्रीनना. काँझर्व्हेटिव्हच्या दोघांपैकी एक डॉ. संदेश गुल्हाने. आडनाव वाचून विदर्भातला माणूस दोनदा बघेल, पण पक्ष मात्र ब्रिटनच्या एकतेचा कट्टर समर्थक. सातवी आणि शेवटची जागा याच पक्षाला गेली आणि ग्रीनची दुसरी जागा हुकली. ती हजारापेक्षाही कमी मतांनी. ग्लासगोत अल्बाला पाच हजारांहून जास्त मतं होती. मी त्या पाच हजारांतला एक.

कुणी म्हणेल, अल्बाचे सगळे मतदार ग्रीनकडे गेले नसते. मान्य, कित्येकांना ग्रीन डोळ्यांसमोर नको होते. शिवाय नावात ‘ग्रीन’ असलेल्या दुसऱ्याच एका छोट्या पक्षानेही मतं खाल्ली. तरीही, स्वातंत्र्याच्या जागा वाढवायला निघालेला पक्ष एकही जागा वाढवू शकला नाही आणि जिथे पाचातलं एक मत वळलं असतं तर जागा मिळाली असती, तिथे ती मिळाली नाही. हे माझ्या शीटमध्ये नव्हतं. नवा पक्ष उंबरठ्याखाली राहिला तर त्याची सगळीच मतं वाया जातात, हा रकाना मी केलाच नव्हता.

पण समजा, गणित जमलं असतं. समजा नव्वद सदस्य आले असते. तरी काय झालं असतं? माझा खरा आक्षेप इथे आहे.

त्या निवडणुकीत एसएनपी, ग्रीन आणि अल्बा यांची दुसरी मतं एकत्र केली तर होतात ५०.१ टक्के. निम्म्या मतांवर सत्तर टक्के जागा घेऊन तुम्ही जगाला सांगणार की देशाने कौल दिला? उरलेला निम्मा देश ते ऐकून घेईल? आणि लंडन? एसएनपी आणि ग्रीन मिळून ७२ सदस्य तसेही होते, स्पष्ट बहुमत होतं. लंडनने नाहीच म्हटलं. २३ नोव्हेंबर २०२२ ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सार्वमताचा कायदा करणं स्कॉटिश संसदेच्या अधिकारात बसत नाही. नव्वद सदस्य असते तरी अधिकार तेवढेच राहिले असते.

सदस्यसंख्या आणि प्रश्नाचं उत्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला मला स्कॉटलंडला जायची गरज नव्हती. गोव्याचा इतिहास नीट वाचला असता तरी पुरलं असतं. महाराष्ट्रात विलीनीकरण हवं म्हणणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने १९६३ ची निवडणूक जिंकली. १६ जानेवारी १९६७ ला थेट प्रश्न विचारला गेला, तेव्हा विलीनीकरण सुमारे ३४ हजार मतांनी हरलं. आणि त्याच वर्षी काही आठवड्यांत झालेल्या निवडणुकीत पुन्हा मगोपच जिंकला! त्याच लोकांनी सत्ता भाऊसाहेब बांदोडकरांना दिली आणि विलीनीकरण नाकारलं. पक्षाला मत म्हणजे प्रश्नाला मत, असं धरून चालणारे तेव्हाही तोंडघशी पडले.

माझ्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त नर्स राहायच्या. २०१४ मध्ये त्या ‘नाही’ म्हणाल्या होत्या. ब्रेक्झिटनंतर डळमळल्या, कारण २०१६ मध्ये ६२ टक्के स्कॉटलंडने युरोपात राहायचं म्हटलं होतं आणि तरीही बाहेर जावं लागलं. त्यांना पेन्शनची काळजी होती, चलन कुठलं असेल हे कळत नव्हतं, इंग्लंडात राहणाऱ्या मुलीकडे जाताना सीमा लागेल का, हे विचारायचं होतं. प्रचाराच्या त्या सहा आठवड्यांत मी जिन्यात उभं राहून त्यांना भागाकार समजावला. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, “तुमचं सगळं तुमच्यातच चाललंय. मला कुणी काही विचारलंच नाही.”

ऑक्टोबर २०२० मध्ये इप्सॉसच्या एका पाहणीत स्वातंत्र्याला ५८ टक्के पाठिंबा दिसला होता. मतदानापर्यंत तो निम्म्यावर आला. हे एकट्या अल्बाने केलं असं मी म्हणणार नाही, लसीकरणाचं यश होतं, सॅमंड-स्टर्जन वादाच्या संसदीय चौकश्या होत्या. पण घसरण चालू असताना आम्ही कार्यकर्ते काय करत होतो? ‘नाही’वाल्यांच्या दारावर जायचं सोडून ‘हो’वाल्यांनाच दुसरी फुली कुठे मारायची ते शिकवत होतो. फुटून निघालेल्या पक्षाने चळवळीचं सर्वांत मोठं नुकसान हे केलं.

पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. २०२३ मध्ये एसएनपीच्या अ‍ॅश रीगन अल्बात गेल्या. एप्रिल २०२४ मध्ये फर्स्ट मिनिस्टर हमझा युसुफ यांनी ग्रीनशी असलेला करार मोडला. अविश्वास ठराव आला आणि रीगन यांच्या एका मताला सोन्याचा भाव आला. २९ एप्रिलला युसुफ यांनी राजीनामा जाहीर केला. जुलैमध्ये ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत एसएनपी नऊ जागांवर आली. अल्बा पुन्हा शून्य. ऑक्टोबरमध्ये सॅमंड गेले. स्वातंत्र्याला पाठिंबा मात्र जवळपास निम्म्यावर टिकून राहिला. पक्ष कोसळले, प्रश्न तिथेच उभा आहे, कारण तो पक्षांचा नव्हताच.

जुना पक्ष सुस्तावला तर नवा काढूच नये का? जरूर काढावा. एसएनपीला टोचणारा कुणीतरी हवाच होता. पण जिन्यातल्या बाईंच्या पेन्शनचं जास्त चांगलं उत्तर घेऊन या. लोक तेच ठेवून फक्त मोजणीची पद्धत वापरून जास्त जागा काढतो, असं सांगणाऱ्याला पुढच्या वेळी मी एवढंच विचारणार आहे, काल ‘नाही’ म्हणालेलं एक तरी माणूस तुझ्यामुळे ‘हो’ म्हणालं का?

मला तेव्हा हे कुणी विचारलं असतं तर माझं उत्तर शून्य होतं.