पाचशे हेअरपिन्सची राणी

परवा सेलमध्ये केसांच्या क्लिप्सचं बारा नगांचं पाकीट उचललं. घरी येऊन ड्रॉवर उघडला, तर तशीच दोन पाकिटं आधीपासून हजर! तेव्हा मला फू हाओ आठवली.

ही बाई चीनच्या शांग घराण्यातली राणी. काळ इ.स.पूर्व 1200च्या आसपासचा. नवरा राजा वू दिंग, आणि ही स्वतः सैन्य घेऊन लढाईवर जाणारी. 1976 साली हेनान प्रांतात आन्यांगला तिची कबर सापडली, तीही चोरांचा हात न लागलेली. आत काय होतं? ब्राँझच्या 468 वस्तू, जेडच्या 755, सुमारे 6,900 कवड्या आणि हाडाच्या जवळपास 500 हेअरपिन्स. आपला ड्रॉवर म्हणजे अगदीच गरीब!

हा माल आला कुठून? कवड्या समुद्रातल्या, आणि समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर. ब्राँझचंच वजन दीड टनाच्या वर. ते ओतायचं मातीच्या साच्यात, आणि भांडं बाहेर काढायला साचा फोडायचा. हेअरपिन्ससाठी मात्र लांब जायला नको. आन्यांगला हाडकामाचे अख्खे कारखाने सापडलेत, तिथे टनावारी हाडं पडलेली, त्यातली बरीचशी गाईबैलांची. मांस खायचं, पायाच्या लांब हाडांच्या पिना आणि बाणांची टोकं करायची. खांद्याचं हाड भविष्य विचारायला ठेवायचं: ते तापवायचं, तडा गेला की तो वाचायचा. रिसायकलिंगचा क्लास लावावा तर यांच्याकडे!

अशाच हाडांवर आणि कासवांच्या कवचांवर फू हाओच्या बाळंतपणाबद्दलचे प्रश्नही कोरलेत. एकदा निकाल लिहिलाय: चांगलं झालं नाही, मुलगी झाली. सेनापती राणीच्या घरी!

आणि त्याच कबरीत राणीसोबत 16 माणसंही पुरलेली होती, सहा कुत्र्यांसकट. गाईचं नडगीचं हाड फुकट न घालवणाऱ्या समाजाला 16 माणसं पुरताना मात्र ‘वाया’ हा शब्द सुचला नाही. काय जपायचं आणि काय उधळायचं, हे ठरवणारे वेगळे आणि किंमत मोजणारे वेगळे. आपली स्वस्त क्लिप कोणी, किती पगारावर बनवली, हे तरी पाकिटावर कुठे छापलेलं असतं?

तिसरं पाकीट मी ऑफिसमधल्या मैत्रिणींत वाटून टाकलं. पुढच्या सेलला आधी ड्रॉवर उघडणार, मग पर्स!