पंचनाम्याला विद्यापीठ कुठं असतं?

औराद, कमलनगर, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद, अफजलपूरच्या शेतकरी-मजूर बंधू-भगिनींनो, आणि पोटाला चिमटा घेऊन पोरं कॉलेजात धाडणाऱ्या आईबापांनो,

2025 च्या पावसाळ्यात मांजरा आणि भीमा कशा फुगल्या, ते तुम्हाला सांगायला नको. पाणी ओसरलं, तलाठी आला, फोटो काढला, गेला. नुकसान 33 टक्क्यांच्या आत दिसलं की नाव गळालं. आपत्ती निधीच्या तेव्हाच्या निकषात कोरडवाहूला हेक्टरी 8,500 रुपये, तेही 2 हेक्टरांपर्यंतच. गुंठ्याला काढा: 86 रुपये. राज्य सरकारनं त्या वर्षी वरून भर घालू म्हटलं, पण आधी पंचनाम्यात नाव तर पाहिजे!

आता बीदर आणि कलबुर्गी या आपल्या दोन जिल्ह्यांतली विद्यापीठं मोजा. 1980 पासूनचं गुलबर्गा विद्यापीठ. आळंद तालुक्यात कडगंचीला केंद्रीय विद्यापीठ. बीदरला पशुवैद्यकीय. भालकी तालुक्यात हलहळ्ळीला नवं बीदर विद्यापीठ. रायचूरच्या कृषी विद्यापीठाची केंद्रं वेगळीच. 2025 च्या फेब्रुवारीत मंत्र्यांच्या उपसमितीनं नव्यांपैकी 9 विद्यापीठं बंद करा म्हटलं, एक बीदर तेवढं वाचलं. वाचलं ते कशासाठी, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. यातल्या किती ठिकाणचा माणूस त्या पुरात तुमच्या बांधावर आला, ज्यानं त्यानं आठवून बघावं.

हवामान बदलावर परिसंवाद होतात, बॅनर लागतात, कुलगुरूंच्या हस्ते रोप लागतं. आमचं रोपाशी भांडण नाही. पण हवेत धूर सोडला कुणी आणि भोगतंय कोण? दोन एकर मूग-उडीद पेरणाऱ्यानं ना कारखाना काढला, ना विमान उडवलं. हवामान न्याय म्हणतात तो इथून सुरू होतो, आणि न्याय म्हटलं की पुरावा लागतो. तो गोळा करायची विद्या गरिबाकडं नाही, विद्यापीठाकडं आहे.

तुरीचंच बघा. कलबुर्गीच्या तुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सत्कार झाले. 2022 च्या हंगामात मर रोगानं तीच तूर उभ्या उभ्या वाळली. खोड मधोमध चिरलं की आत काळपट रेघा दिसतात. बुरशी मुळातून चढून पाण्याची वाट बंद करते. रानात पाणी साचून राहिलं तर झाडाचं आणखीच मरण. हे वनस्पतिशास्त्राच्या पोरांना पुस्तकात शिकवतात. मग त्यांनी बांधावर येऊन खोड चिरावं, फोटो काढावा, गट नंबर लिहावा, आणि विभागप्रमुखानं खाली सही करावी. तलाठ्याच्या पंचनाम्याशेजारी हा दुसरा कागद ठेवला, तर जिल्हाधिकाऱ्याला आणि विमा कंपनीला उत्तर द्यावं लागेल.

वेळ कुठला, असं प्राध्यापक म्हणतील. पदवीला पर्यावरण विषय सक्तीचा आहे. त्याच्या प्रकल्पाची तयार वही झेरॉक्सच्या दुकानात मिळते, हे आम्हालाही ठाऊक आहे. ती वही बंद करा, त्या गुणांवर पंचनामा घ्या. पावसाचा आकडाही पुरावाच: ग्रामपंचायतीच्या पर्जन्यमापकात पाला अडकला की तो खोटा पडतो. महिन्यातून एकदा ते यंत्र बघून यायला डॉक्टरेट लागत नाही.

आणि नदीला हद्द कळत नाही. उजनीचे दरवाजे उघडले की अफजलपूरच्या पोटात गोळा येतो, धनेगावचे उघडले की भालकी-औरादच्या. धरणं महाराष्ट्रात, बुडणारी रानं कर्नाटकात, आणि दोन्ही सरकारांची पत्रं एकमेकांच्या टेबलावर. सोलापूर आणि नांदेडच्या विद्यापीठांनी कलबुर्गी-बीदरशी करार करावा: पाणी सुटलं की किती तासांत कुठल्या गावाला लागतं, याचा तक्ता कन्नडमध्ये आणि मराठीत चावडीवर लागला पाहिजे. सीमावाद कोर्टात पडून राहू द्या, तक्त्याला कोर्ट लागत नाही.

उन्हाचंही तेच. एप्रिल-मेमध्ये कलबुर्गी विभागातल्या सरकारी कचेऱ्या सकाळी 8 ला उघडून दुपारी दीडला बंद होतात. साहेबाला ऊन लागतं हे सरकारला मान्य आहे तर! विटा वाहणाऱ्या बाईला कोणती वेळ? विद्यापीठांनी आधी आपल्या आवारातल्या ठेकेदाराला दुपारी काम थांबवायला लावावं, आणि त्या तासांची मजुरी कापू देऊ नये. पशुवैद्यकीयवाल्यांनी देवणीच्या गोठ्यातला उष्म्याचा अभ्यास इंग्रजी जर्नलात ठेवू नये, औरादच्या बाजारात सांगावा.

विद्याही आणि पाण्याची सोयही बीदरनं पूर्वी बघितलीय. महमूद गवानचा मदरसा 1472 चा, दूरदूरचे विद्वान इथं यायचे. त्याच बहमनी काळातला नौबादचा करेझ जमिनीखालून पाणी आणायचा. त्याचा माग काढायला केरळातल्या चित्तूरच्या सरकारी कॉलेजातला भूगोलाचा प्राध्यापक आला. त्याचे आभार. पण भूगोल इथंही शिकवतात ना?

तेव्हा येत्या ग्रामसभेत ठराव घ्या: नुकसानीच्या प्रत्येक पंचनाम्याला विद्यापीठाचा एक प्राध्यापक आणि दोन विद्यार्थी हजर राहावेत, आणि त्यांच्या अहवालाची प्रत शेतकऱ्याला त्याला वाचता येईल त्या भाषेत मिळावी. ठराव कुलसचिवांच्या नावे न्या, टपालानं धाडू नका. आवक विभागात द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका, तारखेच्या शिक्क्यासकट.