एकावर एक

मैत्रिणींनो, माळ्यावर जुना आगफा क्लिक थ्री कॅमेरा असेल तर भंगारवाल्याला देऊ नका हं! आमच्याकडे मामंजींचा होता. १२० चा रोल, चौकोनी बारा फोटो. रोल पुढे सरकवायचा राहिला तरी त्याचा खटका खुशाल दाबला जातो आणि दोन चित्रं एकावर एक उमटतात.

२०१९ च्या मे महिन्यात माझं तसंच झालं. सासूबाई ओसरीवर उन्हात तांदूळ निवडत होत्या, तो फोटो घेतला. मग, रोल न फिरवताच, तुळशीवृंदावनाचा. धुऊन आल्यावर पाहते तो सासूबाईंच्या चेहऱ्यावर पांढरं आभाळ! सूप धरलेले हात मात्र वृंदावनाच्या काळ्या दगडावर स्वच्छ उमटलेले. तो त्यांचा शेवटचा फोटो. किती दिवस मी स्वतःला बोल लावत होते.

कारण सोपं आहे. फिल्मवर उजेड साठत जातो. एका चित्रात काळं असेल तिथेच दुसरं नीट दिसतं; पांढऱ्यावर काही उठत नाही. म्हणून मुद्दाम करायचं तर आभाळ टाळा, चेहऱ्याच्या जागी दुसऱ्या चित्रातली सावली येऊ द्या. उजेड कमीजास्त करता येणारा कॅमेरा असेल तर १०० च्या रोलला २०० धरा, म्हणजे दोन्ही वेळा निम्मा निम्मा उजेड. आणि काय कुठे होतं ते वहीत लिहून ठेवा. रोल हल्ली महाग आहेत!

तो फोटो मी कपाटात तळाशी घातला होता. दिवाळीला नणंदेच्या हाती लागला. "वन्सं, तो बिघडलाय," मी म्हटलं. "वहिनी, हात आईचेच ना?" म्हणाल्या आणि घेऊन गेल्या.